दारापलीकडचा बाप

चहा घ्या आधी. आणि घोट गिळल्याशिवाय पुढचं ऐकू नका, नाकातून येईल. साठी ओलांडली की माणूस शहाणा होतो असं म्हणतात ना? मी एकसष्टाव्या वर्षी, भर दुपारी, बसचे दोन थांबे पायी चालून जाऊन गाढव ठरलो. आणि तेही एकटा नाही, दोन बाया आणि एक टकला गृहस्थ सोबत घेऊन.

पस्तीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या. विज्ञान शिकवलं दुसऱ्यांनी, पण ऐकलं सगळ्यात जास्त मी. त्यामुळे अंतराळाचा सिनेमा लागला की मला वाटतं, हा आपल्या खात्याचा विषय आहे.

माझी मुलगी प्राची बारावीत होती तेव्हा आम्ही दोघांनी असाच एक हिंदी सिनेमा पाहिला. नाव सांगत नाही, उगाच फुकटची जाहिरात कशाला? त्यात एक कॅप्टन असतो. म्हाताऱ्या बापाला 'लवकर येतो' सांगून तो पृथ्वी सोडतो. अंतराळात त्याला एक काळं दार सापडतं. शेवटी तो ते दार उघडतो आणि पलीकडे काय? स्वतःच्या घराचं अंगण! अंगणात बाज, बाजेवर त्याचा बाप वाट बघत बसलेला. आणि पडदा काळा. अहो, ही काय पद्धत झाली? माणसानं घरी जाऊन झोपायचं कसं?

तो बाप खरा की नकली, यावर आमचं भांडण स्कूटरवर सुरू झालं ते हुडकेश्वरला घर आलं तरी संपेना. प्राची म्हणे खरा, तिथला काळ वेगळा चालतो म्हणून तो अजून जिवंत आहे. मी म्हणे नकली. कॅप्टनला अडकवून ठेवायला दारापलीकडच्या लोकांनी त्याच्याच आठवणीतून तो बनवला आहे. प्राचीची आई स्वयंपाकघरातून म्हणाली होती, आधी हातपाय धुवा, मग बाप खरा आहे की नाही ते ठरवा.

पुढच्या सात वर्षांत बरंच काही झालं. पहिल्याच वर्षी प्राचीची आई गेली. प्राची नोकरीला बंगळूरला गेली. घरात मी आणि फ्रीज असे दोघं राहिलो. त्यातला आवाज करतो तो फ्रीज.

प्राचीचा फोन रोज यायचा, पण त्यात बोलायला काही उरलं नव्हतं. ती दमलेली, मी रिकामा. मिनिटभरात दोघंही गप्प. मग मी हळूच म्हणायचो, पण प्राची, त्या बापाची सावली पाहिली होती काय तू? सावलीच नव्हती त्याले! की पोरगी पेटायची. सावली होती, तुमचा चष्मा जुना होता, इथून सुरुवात व्हायची. वीस वीस मिनिटं चालायचं. तुम्हाला म्हणून खरं सांगतो, तो बाप खरा असो की नकली, मला काही पडलं नव्हतं. मला ती वीस मिनिटं पाहिजे होती.

म्हणून दुसऱ्या भागाची बातमी आली तेव्हा सगळे खूश झाले आणि मी घाबरलो. उत्तर मिळालं की मग बोलणार कशावर?

ठरलं असं, की पहिल्याच रविवारी साडेबाराचा खेळ तिनं तिकडे पाहायचा, मी इकडे. मध्यंतरात फोन. तिकीट तिनंच काढून माझ्या मोबाइलवर पाठवलं. आठवडाभर मी इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावून ठेवला होता. कोणी म्हणेल मुलगी बघायला चालला.

निघताना पिशवीत पाच संत्री टाकली. मी मूळचा नरखेडकडचा, भावाचा बगीचा आहे, मोसमात पोतं येऊन पडतं. सिनेमाच्या दारात रखवालदारानं पिशवी उघडायला लावली. म्हणे बाहेरचं खाणं आत चालत नाही, त्या कचऱ्याच्या डब्यात टाका. डब्यात? संत्रं? आमच्याकडचा माणूस घरंगळत चाललेल्या संत्र्यामागे ट्रकच्या चाकाखाली जाईल, पण फेकणार नाही. एक त्यालाच दिलं. ड्यूटीवर चालत नाही असं म्हणत त्यानं ते खिशात टाकलं. उरलेली चार मी पायरीवर बसून खाल्ली. फोड फोड करून, बिया काढून. घाई केली तर झाडाचा अपमान होतो.

चार संत्री रीतसर खायला किती वेळ लागतो? वर पोचलो तोवर आतले दिवे मालवले होते. समोर दोन दारं. तिकिटावरचा पडद्याचा नंबर बघायला खिशातून चष्मा काढावा लागला असता, म्हणून डावीकडचं ढकललं. आठवी रांग, सहावी खुर्ची, एवढं पाठ होतं. खुर्ची रिकामी! आता यात माझी काय चूक, सांगा.

बसलो आणि समोर बघतो तर पडद्यावर अंगण. अंगणात बाज. बाजेवर म्हातारा, फाटकाकडे डोळे लावून. सात वर्षांपूर्वी जिथं सोडलं होतं तिथूनच उचललं होतं. माझ्या अंगावर काटा आला.

तुम्ही म्हणाल, नट वेगळा होता ते दिसलं नाही काय? दिसलं ना. पण तीच तर खूण! नकली बाप बनवताना चेहरा हुबेहूब जमला नसणार. पहिला भाग हिंदीत होता आणि इथं सगळे मराठी बोलत होते. मी मनात म्हटलं, वा, दारापलीकडचं जग ज्याच्या त्याच्या मायबोलीत बोलतं! पोराला सगळे समीर म्हणत होते. बरोबरच आहे, घरी कोण कोणाला कॅप्टन म्हणतं? एकदा का माणसाला सिद्धांत सापडला, की त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून काही उरतच नाही.

माझ्या शेजारी उमरेडच्या दोन बाया होत्या, नणंद-भावजय. पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं दोन ताटं वाढली, एक स्वतःला आणि एक रिकाम्या पाटापुढे. भावजयीनं पदर डोळ्याला लावला. मला राहवेना. हळूच सांगितलं, "ताई, एवढं मनाले लावून घेऊ नका. तो माणूस नाही."

"मंग काय आहे जी?"

"बनवलेला आहे."

ती नणंदेकडे वळली. "आयकलं काय वं? आपल्याले तं घरगुती पिक्चर वाटला."

तसा वाटावा म्हणूनच बनवला आहे, असं मी समजावलं. पहिला भाग पाहिला काय म्हणून विचारलं, तर नाही म्हणाल्या. मला त्यांची कीवच आली. मग कॅप्टन, यान, काळं दार, सगळा पहिला भाग त्यांच्या कानात ओतला. नणंद हुशार. तिनं विचारलं, पोरगा फोनमधे दिसते, मग घरी काहून येत नाही? मी म्हटलं, तो दाराच्या त्या बाजूला आहे, त्याचा एक दिवस म्हणजे इकडचं एक वर्ष. हे तिला चटकन पटलं. म्हणाली, आमच्या भाच्याचंही असंच आहे, दुबईले असते.

एवढ्यात पुढच्या रांगेतला टकला गृहस्थ मागे वळला. आता शिव्या खातो असं वाटलं. तर तो खाली वाकून म्हणतो, "मंग फोनमधली सून बी नकली काय?"

सुनेबद्दल मी मध्यंतरानंतर बोलेन, असं त्याला सांगितलं. पस्तीस वर्षं नळ्या धुतल्या, पण असा वर्ग मला कधी मिळाला नव्हता.

मध्यंतर झालं. मी पिशवी खुर्चीवर ठेवून बाहेर पळालो आणि फोन लावला. प्राचीनं पहिल्या घंटीला उचलला.

"मी जिंकलो," मी म्हटलं. "बाप नकली आहे."

आणि मी सुटलो. बोटांवर पुरावे मोजले. म्हटलं, हा माणूसच नाही बाई, हे यंत्र आहे. रोज त्याच वेळेला उठते, त्याच बाजेवर बसते. फोन चार्जिंगले लावून फोनकडे पाहत राहते. घरात दुसरं कोणी नाही तरी दोन ताटं वाढते. आणि सगळ्यात पक्का पुरावा ऐक. पोराचा फोन आला की त्याच्याजवळ एकच वाक्य आहे, 'जेवला काय?' पोरगा हो म्हणाला की खेळ खलास. त्याच्यात दुसरं वाक्य भरलंच नाही बनवणाऱ्यानं. खरा बाप असा असते काय? खऱ्याले पोराशी बोलाले दुसरं काहीच सुचणार नाही काय?

मला वाटलं नेटवर्क गेलं. दोनदा हॅलो म्हटलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही पण तेवढंच विचारता नं."

मी हसलो. मी तर सावलीचंही विचारतो, असं काहीतरी बोललो. ती हसली नाही. तिनं विचारलं, "बाबा, तुमच्याकडे यान आलं काय? इथं तर पहिल्यापासून सगळं अंतराळातच चालू आहे. अंगण अजून आलंच नाही."

"येईल नं. दुसऱ्या हाफमधे."

"तुम्ही कोणता पिक्चर पाहून राहिले? दारावर काय लिहिलं आहे, वाचा बरं."

वळून पाहिलं. माझ्या दारावर एका घरगुती मराठी सिनेमाचं नाव झळकत होतं. आमचा दुसरा भाग शेजारच्या दाराआड होता.

मी तिला ते वाचून दाखवलं आणि पोरगी हसायला लागली. अशी हसली, की तिकडे कोणीतरी तिला पाणी पाहिजे काय म्हणून विचारल्याचं मला ऐकू आलं. तिची आई गेल्यापासून हे हसणं मी ऐकलं नव्हतं. मीही हसलो. म्हटलं, गाढवपणा कारणी लागला. मग तिच्याकडे घंटा वाजली, सुरू झाला बाबा म्हणाली, तुम्ही आता बाजूच्या दारातून आत जा म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी गेलो नाही असं नाही. ते दार उघडून डोकावलो. चंदेरी कपडे घातलेली माणसं एकमेकांवर आग सोडत होती. यातला कोण आपला, कोण परका, काही कळेना. सात वर्षं ज्याच्यावर भांडलो त्याचं उत्तर तासाभरात तिला मिळणार होतं, आणि मी दोन दारांच्या मध्ये शर्टाची इस्त्री सांभाळत उभा होतो. संध्याकाळी आता काय बोलायचं, हा एकच विचार डोक्यात होता. फार एकटं वाटलं हो. घरी वाटतं त्याच्यापेक्षा जास्त.

मग मी डाव्या दारानं परत गेलो. कोणी विचारलं तर मी सांगतो, पिशवी राहिली होती. पिशवीत काय होतं? संत्र्याची सालं! खरं म्हणजे म्हाताऱ्याचा पोरगा येतो की नाही, ते मला पाहायचं होतं.

उमरेडच्या नणंदबाईंनी माझी खुर्ची हात ठेवून राखली होती. सुनेचं सांगा म्हणून दोघी मागे लागल्या. खरं सांगायची हिंमत कुठून आणू? सून अर्धी खरी आहे, असं सांगून टाकलं. यान केव्हा येते, असं टकल्या गृहस्थानं विचारलं. शेवटी येईल म्हटलं. बिचारा पुढे वळला आणि यानाची वाट बघत बसला.

यान कुठून येणार? फोन आला. म्हातारा आतून धावत आला, चष्मा सापडेना, तसाच उचलला. पोरगा म्हणाला, या वर्षी जमत नाही. म्हातारा म्हणाला, असू दे, काम महत्त्वाचं. काहीतरी बोलायला शोधतोय हे दिसत होतं. ते सापडेना तेव्हा त्यानं विचारलं, जेवला काय? तोवर पलीकडून फोन बंद झाला होता.

आणि माझा हुंदका बाहेर पडला. छोटा नाही, चार रांगांना ऐकू जाईल असा. सहा वर्षं घरी आवरलं होतं, ते भरल्या थिएटरात निसटलं. टकला गृहस्थ वळून बघू लागला. मी तोंडावर हात दाबला, तरी थांबेना.

भावजयीनं पिशवीतून रुमाल काढून माझ्या हातात दिला. आणि माझ्याकडे वाकून, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "नका रडू जी भाऊ. तुम्हीच तं सांगतलं नं, तो माणूस नाही म्हणून."