ताटात धुतलेले हात

आमच्या कळस गावच्या घरात पुरुष हात धुवायला उठत नाहीत, ताटातच धुतात. लहानपणापासून बघत आले. उरलेल्या भातावर, हाडांवर, पिळलेल्या लिंबावर तांब्यातलं पाणी ओतायचं, बोटं चोळायची, चूळसुद्धा त्यातच टाकायची आणि ताट पुढं सरकवायचं. मग तो लगदा निवडायचा कुणी? बाईनं. पण तिच्या डोक्यावर पुढची पंगत असते. ती ताट तसंच सिंकमध्ये उपडं करते. सिंक तुंबतं. आणि मग विचारतात, सिंक तुंबवलं कुणी?

त्या दिवशी गावची जत्रा होती. मी बारामतीला बायकांच्या संघटनेत काम करते, पत्रकं लिहिते, बाजारात उभी राहून वाटते. जत्रेला घरी आले होते. अंगणात मांडवाखाली पाव्हण्यांची पहिली पंगत उठली होती, दुसरी बसायची होती. आत सिंक निम्मं भरून थांबलेलं. वर मटणाच्या चरबीचा पांढरा थर.

दादानं आधी सळई घालून बघितली. ती जाळीखाली जाईना. तसा त्यानं सळईनं ओट्यावरच दणका घातला. फरशीचा टवका उडाला.

"तुझ्या बापानं तरी बघितलं हुतं का सिंक?" तो वहिनीला म्हणाला. "मोरीवर भांडी घासणारी तू. तुला सिंक दिलं हितंच चुकलं माजं."

"ताटातलं काढायला वेळच गावला न्हाय," वहिनी म्हणाली. "पंगतीवर पंगत..."

पुढचं तोंडातच राहिलं. त्यानं तिच्या कानाखाली वाजवली. मी मधे पडले तर मला फ्रिजवर ढकललं. "तू जा, पत्रकं वाट."

आईनं काय केलं? आईनं दार लावून घेतलं. "हळू रं. पाव्हणं ऐकत्याली."

नळ्या मोकळ्या करायची पावडर आणलेली होती. दादानं पुड्या फोडून सगळीच्या सगळी सिंकमध्ये ओतली. पाणी खदखदायला लागलं. वाफ नाकात घुसून घसा चिरत गेली. पुडीवर हातमोज्याचं चित्र होतं, खाली लाल अक्षरांत इशारा.

"दादा, हात लावू नका म्हणून लिवलंय!" मी ओरडले.

"मी कुठं लावतोय?" त्यानं वहिनीचं मनगट धरलं. "जिनं तुंबवलं तीच काढंल. घाल हात."

"नको ओ. पाया पडते. भाजतंय ते."

त्यानं घातला. कोपरापर्यंत. आणि दाबून धरला. वहिनी किंचाळली नाही, तिच्या घशातून नुसता खरवडल्यासारखा आवाज आला. आईनं दाराची कडी घातली.

मी ओट्यावरची सळई उचलली आणि त्याच्या दंडावर हाणली. सुटेना, पुन्हा हाणली. घरातल्या मारहाणीवर आमचं पत्रक आहे, मीच लिहिलंय. शांतपणे बोला, शेजाऱ्यांना बोलवा, असं बरंच काही त्यात आहे. उकळत्या विषात धरलेल्या हाताबद्दल त्यात एक ओळ नाही. सळईनं हात सुटला, एवढं मला माहीत आहे.

वहिनीला अंगणात नेलं, बोअरच्या पाइपखाली हात धरला. कातडी साबण लावल्यासारखी बुळबुळीत झाली होती, कितीही धुतली तरी बुळबुळीतपणा जाईना. मग फोड वर यायला लागले.

"काय झालं गं पोरी?" मांडवातून आमच्या भावकीतले एक तात्या म्हणाले.

आईच पुढं झाली. "काय न्हाय तात्या, गरम पाणी सांडलं. बसा तुमी, वाढते."

आणि तात्या बसले. सगळेच बसले. आमच्या पाठीमागं भाकऱ्या मोडल्या जात होत्या, रस्सा मागितला जात होता.

मी वहिनीला स्कूटीवर घेतलं. निघताना आई तिच्या कानाशी लागली, "भांडी घासताना झालं म्हण. संसार हाय तुजा." इंदापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसं झालं?" वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी जीभ दाताखाली धरून बसले. सभेत दुसऱ्यांच्या वतीनं मी भरपूर बोलते, पण हे तिचं तिनंच बोलायचं होतं. आज ती 'भांडी घासताना' म्हणाली असती, तर पुढच्या जत्रेला दुसरा हात गेला असता.

"नवऱ्यानं धरून घातला," वहिनी म्हणाली.

पोलिसांनी जबाब घेतला. उजवा हात पट्टीत, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा. तिथून ती शेळगावला माहेरी गेली.

काही दिवसांनी तिच्या साड्या आणायला मी घरी गेले. सिंक तसंच. पाणी निवलेलं, वर साय धरलेली, वास घरभर. आई अंगणात भांडी घासत होती. दादाचा दंड अजून काळानिळा होता.

"तिला सांग, जबाब माघारी घे," तो म्हणाला. "चुकून झालं. एवढं काय भाजत न्हाय त्यात. हातालाच तर लागलं. आन् हे सिंक तेवढं मोकळं करून जा."

मी खाली वाकून दाखवलं. सिंकखालच्या पाइपला प्लॅस्टिकची वाटी असते. हातमोजे घालायचे, खाली बादली ठेवायची, वाटी फिरवायची. हाडं, भात, लिंबं, तुम्ही ताटात धुतलेलं सगळं खाली पडतं. एवढंच काम होतं त्या दिवशी. मी वाटीला हात लावला नाही. उभी राहिले.

"भाजत न्हाय ना? मग घाल हात."

"काय?"

"वरनं घाल. तिचा घातलास तसा. आता तर थंड हाय."

तो त्या पांढऱ्या सायीकडं बघत राहिला. मग त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"बरं," मी म्हणाले. "हेच सांगते वहिनीला."

आणि तिच्या साड्यांची पिशवी उचलली.