माय रडत नव्हती

माझी माय त्या दिवशी रडत नव्हती. हे मी कॉलेजात नीट सांगू शकले नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

स्नेहसंमेलनासाठी आम्हाला दोन-तीन मिनिटांची फिल्म करायला सांगितली होती. बोलायचं नाही, फक्त चित्रं आणि संगीत, आणि त्यातून 'मी कोण' ते दाखवायचं. मला चारचौघांत बोलताना घाम फुटतो, त्यामुळे हे आपल्याला जमेल असं वाटलं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझ्यात जे काही हसरं, खोडकर आहे ते मायकडून आलंय, म्हणून मी तिची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, टिपली.

एकोडीजवळ आमच्या गावात रोवणीला बायांच्या दोन रांगा पडतात. एक रांग गाण्याची ओळ टाकते, दुसरी उचलते. गाणं तिथल्या तिथे जुळवलं जातं. त्या दिवशी वाऱ्याने शेतमालकाची छत्री उडाली आणि मालक धुऱ्यावरून, बांधावरून, तिच्या मागे धावला. मायने लगेच त्यावर ओळ टाकली. समोरच्या रांगेने अशी काही उचलली की मायला हसू आवरेना. हात चिखलाने भरलेले, म्हणून तिने मनगटाने डोळे पुसले. ते मला नेमकं मोबाईलमध्ये सापडलं.

फिल्म मी स्नेहसंमेलनाचं काम पाहणाऱ्या आमच्या सरांकडे दिली. ते ती 'जरा नीट' करणार होते.

दाखवायच्या दिवशी माय मुद्दाम काम सोडून आली. पडद्यावर फिल्म सुरू झाली आणि मला काही कळेना. रंग गेले होते. माय अगदी सावकाश हलत होती. गाणं पूर्ण काढून टाकलेलं, त्या जागी एक रडवी बासरी. शेवटी मायचं मनगट डोळ्यांपाशी जातं आणि चित्र तिथेच थांबतं. नावसुद्धा बदललं होतं, 'घामाचे अश्रू'.

माय माझ्या कानाशी वाकली. "काहून वो, गाणं कुठं गेलं? आमी तं तोंड हालवून राहिलो नुसते."

पुढच्या ओळीतल्या एका मुलीने वळून तिचा हात धरला. "काकू, नका ना वाईट वाटून घेऊ."

"मले कायचं वाईट वाटन, बाई? हासून हासून पोट दुखलं होतं माहं."

मुलीला ते खरं वाटलं नाही. तिने हात आणखी घट्ट धरला.

बाहेर सर भेटले, फार खूश होते. "पाहिलंस? अख्खा हॉल गप्प झाला. ही आपण विद्यापीठाच्या स्पर्धेला पाठवू."

"सर, माय हसत होती."

"अगं, हसणं कोण लक्षात ठेवतं? आणि त्या बोलीतलं गाणं पाहुण्यांना काय कळणार? त्यात मालकाची टिंगल. बरं दिसतं का?"

मला फार राग आला. शेतात वाकलेली बाई दिसली की ती रडतच असणार, हे यांनी आधीच ठरवून टाकलेलं. तिची ओळ, तिचा आवाज, तिची चेष्टा करण्याची हिंमत पुसून टाकायची आणि वर त्याला कणव म्हणायचं! आणि त्या चित्राखाली 'मी' म्हणून माझं नाव.

माय सरांना म्हणाली, "सर, तुमी मले न इचारता रडवलं." सर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

तेव्हा मी बोलले. "सर, पाठवायची असेल तर मी दिली तशी पाठवा. तिच्या आवाजासकट."

"तशी पहिल्या फेरीतच बाहेर पडेल."

"मग पाठवू नका."

"विचार कर. अशी संधी पुन्हा मिळत नाही."

"नाही सर. नको."

ते खांदे उडवून आत गेले. मायने माझी बॅग उचलली आणि म्हणाली, "चाल आता, बस निघून जाईन."