होडीचा ब्रेक

शेवगावातले एक मिस्त्री ट्रॅक्टर दुरुस्त करत. कुठलंही यंत्र समोर आलं की आधी विचारत, "थांबतं कसं?" माझ्या शिडाच्या होडीला सुकाणूच्या दांड्याऐवजी चाक हवं होतं, तेव्हाही त्यांनी तेच विचारलं.

"शीड उतरवलं की थांबते," मी म्हणालो.

"म्हंजी ब्रेक न्हाई."

आठवडाभर ते माझ्यावर रुसल्यासारखे वागले, पण काम चोख केलं. ट्रॅक्टरचं जुनं चाक, त्याला गुंडाळलेली तार, आणि तारेची टोकं कप्प्यांवरून मागे सुकाणूला. चाकाखाली एक पेडलही होतं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

"हे कशाला?"

"पाय मोकळा ऱ्हायला की मानूस घाबरतो, सायब."

मी पोट धरून हसलो.

बाहत्तरचा दुष्काळ मागे पडला होता, गावाजवळचं नवं धरण भरलेलं होतं. पहिल्या फेरीला मिस्त्री चाकावर बसले, मी त्यांना खेटून. वारा भरला आणि नेमकी शीड उतरवायची दोरी अडकली. दगडी काठ अंगावर येऊ लागला. मिस्त्रींनी चाक फिरवलं. होडी वळली, काठ हातभर अंतरावरून मागे गेला.

मग ते खाली बघत म्हणाले, "सायब, आता पाय काढा. खाली माजा हाय."