फुगवलेली पट

प्रयोगशाळेत सगळे त्यांना चुंबकताई म्हणत. अणुकेंद्रकांचे संकेत टिपणारं ते भलंमोठं चुंबकी यंत्र ताई इतकी वर्षं सांभाळत होत्या की नवे विद्यार्थी दोघांनाही सारखेच बिचकत. त्या खोलीत शिरण्याआधी किल्ल्या दाराबाहेरच्या लाकडी पेटीत टाकाव्या लागत. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनाही. तिथं मुलाहिजा नव्हता.

या यंत्राचं मूळ दुखणं एकच, संकेत फार क्षीण. नमुन्यातली केंद्रकं बोलतात कसली, कुजबुजतात. तो आवाज वाढवायला ताईंनी नवी जोडणी उभी केली. नमुना आधी प्रचंड थंड करायचा, त्यावर सूक्ष्मलहरी सोडायच्या, मग झटकन वितळवून चुंबकात ढकलायचा. गळक्या नळ्या, गोठलेल्या झडपा, सगळ्यांशी झटापट झाली. पडद्यावर रेघ एकदम उसळली तेव्हा ताई चक्क नाचल्या.

संकेत किती पट वाढला हे ठरवायला तोच नमुना संकेत न वाढवता, साध्या पद्धतीनंही मोजावा लागतो. तेव्हा दोन मोजण्यांच्या मधे केंद्रकांना दम खाऊ द्यायचा असतो. ताईंच्या हाताखाली पदवीसाठी काम करणाऱ्या संशोधक मुलीनं घाईत तो दिलाच नाही. दमलेली केंद्रकं आणखी हळू बोलली, आणि त्यांच्यापुढे वाढीव संकेत अवाढव्य दिसला.

चूक कळताच ती रडकुंडीला आली.

"अगं, रडतेस काय? पुन्हा मोज," ताई म्हणाल्या.

तिनं मोजलं. पट निम्म्याहून कमी भरली, तरी मिरवावी अशीच होती. सर मात्र छापायच्या लेखासाठी जुन्या आकड्याला चिकटून बसले.

"ताई, दुसऱ्या संस्थेनं छापलेला आकडा आपल्या या नव्या मापापेक्षा मोठा आहे. काय तोंड दाखवायचं?"

"धुतलेलं दाखवू, सर."

"चेष्टा नको. पहिलं मापही आपणच घेतलंय ना? खोटं कुठंय त्यात?"

"समोरच्याला धापा टाकेपर्यंत पळवायचं, मग त्याच्याशी गाण्याची पैज लावायची. ही कसली जीत?"

"मग लेखातून तुमचं नाव काढावं लागेल."

"आकडा निघत नसेल तर नाव काढा!"

आणि खरंच काढलं की! मुलीचं नाव राहिलं. तिची पदवी अडकली होती, तिच्यावर ताईंचा राग नव्हता. घरी ताईंच्या आईनं चष्मा वरखाली करत लेख पाहिला.

"यात तू कुठंयस गं?"

"नाहीये."

"मग ते यंत्र काय आपोआप उभं राहिलं?"

ताईंना जेवण गेलं नाही.

लेख छापून आल्यावर थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेत ताईंना एक फोन आला. दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेतला, ताईंच्या जुन्या ओळखीचा यंत्रचालक होता.

"ताई, तुमच्यासारखीच जोडणी केलीय, पण तुमचा आकडा काही येत नाही. दोनदा सगळं उघडून बसवलं. साहेबांना वाटतंय मी कामचुकार आहे. यंत्रावरून काढताहेत मला."

"तुम्हाला किती पट मिळतेय?"

त्यानं सांगितली. मुलीच्या दुसऱ्या मापाशी ती जवळजवळ जुळत होती. ताईंच्या कानांतून वाफा निघाल्या. धडधाकट यंत्र खोलायला लावलं या माणसाला!

"तुमच्या यंत्राला काही झालेलं नाही. आमचा आकडा खोटा आहे."

"हे साहेबांना कसं पटणार? छापलंय ते."

"त्यांना बोलवा फोनवर."

आवाज ऐकून सर दारात आले. "कोणाचा फोन आहे? द्या इकडे."

ताईंनी त्यांच्याकडे पाठ केली.

"नमस्कार साहेब. लेखात माझं नाव नाही, पण ती जोडणी मी केलीय. खरं माप आत्ता पाठवते. आधी तुमच्या माणसाला त्याच्या यंत्रावर परत बसवा."