रेघकाकांची पक्की प्रत

आमच्या वसाहतीमागच्या हरितपट्ट्याची हद्द ज्या हाताने प्रथम कागदावर उतरवली, तो हात आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर राहतो. नगररचना कार्यालयात एकतीस वर्षे आरेखक म्हणून नोकरी केलेल्या या गृहस्थांना सगळी वसाहत रेघकाका म्हणते. कुणाच्याही घरी गेले आणि भिंतीवरचे कॅलेंडर कललेले दिसले, की बोलणे अर्धवट सोडून ते आधी कॅलेंडर सरळ करीत.

"माझा भांग वाकडा गेला तर यांना दिसतो, नवा चष्मा दिसत नाही," काकू म्हणत.

"चष्मासुद्धा डावीकडे उतरलाय," काका म्हणत.

त्या हद्दीविषयी मात्र ते चेष्टा खपवून घेत नसत. "ती रेघ मी तीनदा मारली. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, आता ही कुणाच्या बापाला हलायची नाही." झाडे, गवताळ उतार आणि पावसाचे पाणी जिरवणारा खोलगट भाग अशी ती चाळीस एकर जमीन कायम मोकळी राहील, असे सरकारी नकाशा सांगत होता, आणि काकांचा त्या नकाशावर विश्वास होता. तो त्यांनी स्वतः काढला होता, हेही त्याचे कारण असावे.

ती जमीन निवासी विभागात घेऊन तिच्यावर सातशे घरे उभारण्याची सूचना निघाली, तीही अशा खुबीने, की जनतेला कळवल्याची नोंद व्हावी पण जनतेला कळू नये. हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत होती. वसाहतीचा सचिव या नात्याने मी लोकांना आवाहन केले. वहीची फाटकी पाने, पावत्यांच्या पाठी, औषधाच्या खोक्यांचे पुठ्ठे, मिळेल त्यावर लिहून आठवड्याभरात दोनशे चौदा जणांनी हरकती आणून दिल्या.

त्यांतली एक शिवणकाम करणाऱ्या बाईंची होती. त्यांची खोली शेवटच्या रांगेत, हरितपट्ट्याला पाठ लावून आहे. कापड बेतण्याच्या खाकी कागदावर त्यांनी नऊ वर्षांतल्या अकरा तारखा लिहिल्या होत्या. प्रत्येक वेळी घरात पाणी शिरले ते पुढून, भराव घालून बांधकाम झालेल्या बाजूने. मागच्या, हरितपट्ट्याच्या बाजूने एकदाही नाही. पाण्याची उंचीही होती: 'साडेसात इंच, टेपने मोजून.'

काकांनी कागद उलटसुलट पाहिला. "माहिती चोख आहे, ताई. पण कागद फार गबाळा. साहेबांच्या टेबलावर असा जात नाही."

"पाणीच गबाळं येतं हो काका. त्याला मी काय करू?"

सगळे हसले. मग मी एक मसुदा तयार केला. भाषेच्या दृष्टीने तो निर्दोष होता, हे मी आजही म्हणेन. काकांनी तो आपल्या छापल्यासारख्या अक्षरात दोनशे चौदा वेळा लिहिला आणि प्रत्येकाची सही घेतली. अठरा दिवस लागले. मधल्या बोटाला घट्टा पडला. एकेक पक्की प्रत झाली, की काका तिची कच्ची प्रत चौघडी करून फाडत. त्यांच्या कार्यालयाचा तसा दंडक होता. "एका हद्दीच्या दोन रेघा राहिल्या, की तिसरा माणूस आपल्या सोयीची उचलतो," ते म्हणाले. मला ते पटले. इतक्या वर्षांत प्रथमच कुणीतरी नीटनेटकेपणाने काम करीत आहे, याचे मला समाधानच वाटत होते.

सुनावणीच्या दिवशी काकांच्या निम्म्या वयाच्या अधिकाऱ्याने तो गठ्ठा अंगठ्याने पत्त्यांसारखा फर्रकन सोडला.

"एकच हस्ताक्षर, एकच मजकूर. नियमाप्रमाणे ही एक हरकत."

"सह्या वेगळ्या आहेत, साहेब," काका म्हणाले.

"सह्या वेगळ्या, हरकत एक."

बांधकामाच्या बाजूने त्रेचाळीस पत्रे आली होती. ती सगळी वेगवेगळ्या हातांची, खाडाखोड केलेली. एकावर चहाचा डागसुद्धा होता. तो डागही योजनापूर्वक पाडलेला असावा, असा माझा संशय आहे. ती त्रेचाळीस मोजली गेली.

शिवणकामाच्या बाई उठल्या. "आणि माझ्या तारखा?"

अधिकाऱ्याने त्यांच्या सहीचा कागद शोधून काढला. "तारखा नाहीत यात. 'पूरस्थिती उद्भवण्याची शक्यता संभवते', एवढंच आहे. मूळ कागद असेल तर आणा. आठ दिवस देतो."

शक्यतेचे ते वाक्य माझ्या मसुद्यातले होते. बाईंनी पाहिले मात्र काकांकडे. हरवला, असे काका म्हणू शकले असते.

"फाडला," ते म्हणाले. "मीच."

बाहेर जिन्यात मी विचारले, "ताई, दुसरीकडे कुठे लिहिल्यात का?"

"दाराशेजारी भिंतीवर होत्या, पेन्सिलीनं. काकांकडे पक्क्या झाल्या म्हणून भिंत रंगवून घेतली."

दुसऱ्या दिवसापासून काका दाढीचे पाते घेऊन त्या भिंतीपाशी बसू लागले. रंगाचा पापुद्रा काढायचा, फुंकर घालायची, भिंग लावायचे. शेजारी शिवणयंत्र चालू असे. "राहू द्या आता, काका, डोळे जातील," बाई सांगत. आठ दिवसांत तीन तारखा हाती लागल्या; त्यांतल्या दोहोंचे साल गेले होते. आम्ही त्या सादर केल्या. 'अपूर्ण व असंबद्ध' असा शेरा मारून कार्यालयाने त्या परत केल्या. मी पुढे केलेल्या चार तक्रारींना पोच मिळाली. उत्तर अद्याप नाही.

नकाशात ती जमीन हिरवीची पिवळी, म्हणजे निवासी, झाली. खोलगट भागात मातीचे ट्रक रिकामे झाले, झाडे आडवी झाली. काकांनी मागची खिडकी लावून घेतली.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी मी काकांकडे बसलो असताना शिवणकामाच्या बाई आल्या. पायांना घोट्याच्या वरपर्यंत चिखल होता. त्यांनी खाकी कागदाचा तुकडा टेबलावर ठेवला. एक तारीख, आणि खाली: 'मागच्या बाजूने. नऊ इंच.'

"मागची ही पहिलीच," त्या म्हणाल्या. "ठेवा तुमच्याकडे. आणि काका, हिची पक्की करू नका."

त्या गेल्या. कागद टेबलावर तिरका पडला होता. काकांचा हात एकदा पुढे झाला आणि मागे आला. कागद त्यांनी तसाच राहू दिला.