पळस नव्हे, पांगारा

साताऱ्यात आमच्या कॉलेजच्या आवारात, सायकली लावतात तिथे, एक पांगारा आहे. परवा सकाळी त्याच्या लालभडक फुलांवर साळुंक्यांची भांडणं चालली होती. तासाला उशीर होत होता, तरी मी थांबले. मला हे नीटसं लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. पण त्या फुलांनी मला थेट आमच्या बालवाडीत नेलं, एवढं खरं.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. औंधच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाच्या ओढ्याकाठी करंज, पळस, बोरी-बाभळींचं थोडं रान. बालवाडीच्या बाई सांगलीहून आलेल्या, वयानं तरुण. पानगळ संपून पालवी फुटू लागली की त्या आम्हा पंधरा-वीस पोरांना घेऊन रानात जायच्या. पाटी नाही, पेन्सिल नाही. करंजाच्या शेंगा मोजायच्या, सारख्या पानांचे ढीग लावायचे, डोळे मिटून वासावरून झाड ओळखायचं, मुंग्यांच्या रांगेमागे बसल्या बसल्या सरकायचं. दुपारी घरी परतायचो ते केसांत माती घेऊनच.

आईला हे मुळीच पटत नव्हतं. वडील पलटणीत, घरात चार शेरडं, आणि ती राखायला मीच. एके दिवशी ती शेरडांसकट रानातच येऊन उभी राहिली.

"आवं बाई, रानातच हिंडवायचं आसंल तर माजी पोरगी शेरडांमागं हिंडती की! उद्यापासनं न्हाई यायची ती."

बाई गडबडल्या. हातातलं फूल पुढे करून म्हणाल्या, "अहो, शिकतात हो मुलं. हे बघा, आज आम्ही पळस शिकलो."

आईनं फूल पाहिलं, झाड पाहिलं आणि हसायलाच लागली. "ह्यो पळस? आवं, पांगारा हाय ह्यो! फांदीवरचं काटं बघा की. पळसाला काटं आस्त्यात व्हय? पत्रावळीची पानं तोडताना हात फाटलं आस्तं माजं!"

पोरं खिदळली. मी मान खाली घातली. आता बाई रागावणार आणि माझी बालवाडी संपणार, असंच वाटलं. पण बाई पदर खोचून आमच्या रांगेत मांडी घालून बसल्या. "चुकलं माझं. आज तुम्हीच शिकवा."

"मी काय शिकवनार, कप्पाळ!" आई लाजली. मग ओढ्यापलीकडच्या पळसाकडे आम्हाला घेऊन गेली. एकेकाचा हात धरून तिनं खोडावरून फिरवला, एका देठावरची तीन पानं दाखवली, कुठला पाला शेरडं खातात आणि कुठल्यानं त्यांचं पोट फुगतं ते सांगितलं. बाई वहीत उतरवून घेत होत्या. शाळेची पायरीही न चढलेली माझी आई सगळ्या पोरांसमोर बोलत होती, आणि तिची शेरडं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली होती. माझी मान कधी ताठ झाली, मला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं माझी वेणी घातली आणि म्हणाली, "जा. शेरडं मी बघती."

पुढे ओढ्यावर बंधारा झाला, रान मोडून तिथे ऊस आला. बाईंचीही बदली झाली. कॉलेजच्या फॉर्मवर आईवडिलांचं शिक्षण विचारतात, तेव्हा आईच्या नावापुढे मी 'निरक्षर' लिहिते. लिहावंच लागतं. पण तो शब्द लिहिताना दरवेळी माझं पेन थोडं थांबतं.