अधिवेशनाला हळद लागली

आमच्या घरात कुणाचंही लग्न ठरलं की मांडवाचा विषय निघतो, आणि मांडवाचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. नणंदेच्या लग्नाची गोष्ट सांगायची ती मीच, असं आता ठरून गेलंय. मी फार छान सांगते असं नाही. पण त्या गोष्टीत माझं शहाणपण ठिकठिकाणी सांडलेलं आहे, आणि ते दुसऱ्या कुणी गोळा करून दाखवण्यापेक्षा आपणच दाखवलेलं बरं.

मी बदलापूरकडची. लग्न होऊन मोरिवलीत आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. गावाभोवती भातखाचरं. अंबरनाथच्या एका कारखान्याचा भोंगा वाजला की आमचे हे सायकल काढायचे आणि सासरे बैल सोडायचे. पलीकडे उल्हासनगरच्या कॅम्पात सिंधी मंडळी लष्करी बराकींत संसार थाटत होती. मी मराठी चौथी शिकलेली. गावातल्या बायकांत तेवढी शिकलेली मी एकटीच, त्यामुळे पत्र आलं, औषधाची बाटली आली, की माझ्यापुढे. यातून मला एक खोड लागली. ‘मला माहीत नाही’ हे वाक्यच मी विसरून गेले.

सासऱ्यांची खोड वेगळी. दारात आलेल्याला त्यांना ‘नाही’ म्हणता येत नसे. सासूबाई गेलेल्या, त्यामुळे त्यांना आवरणारंही कुणी नव्हतं. एकदा वासुदेवाला त्यांनी अंगातला सदरा काढून दिला होता आणि मग उघडे बसून ह्यांची वाट पाहत होते.

त्या वर्षी नणंदेचं लग्न ठरलं, मुहूर्त येत्या वैशाखातला. मुलाकडचे बदलापूरचे, घर मोठं, गोतावळा त्याहून मोठा. सुपारी फुटली तेव्हा होणाऱ्या विहीणबाई आमच्या अंगणाकडे बघत म्हणाल्या होत्या, “आमची मानसं लय हायत. मांडव आंगनापुरता नको. रिकामा दिसला तरी नको.”

सासऱ्यांनी हे मनाला लावून घेतलं. सगळा हिवाळा त्यांनी बारवीकडच्या पाड्यांवरून भाताच्या बदल्यात वासे नि बांबू आणले आणि घरामागे रचून ठेवले. नणंद रोज संध्याकाळी जाऊन त्या ढिगावर बसायची. “वयनी, एवढे पुरतील नं?” असं मला विचारायची, आणि मी त्यातलं काहीएक न कळता म्हणायची, “उरतील.”

तेवढ्यात आमच्याकडे पक्ष आला.

तीन तालुक्यांचं मिळून अधिवेशन मोरिवलीत भरवायचं ठरलं होतं. आमच्या तालुक्याचे चिटणीस वर्गणी मागायला आले. गोल, घामेजलेले, बोलायला फार गोड गृहस्थ. गावात रोकड कुणाकडे असणार? पण पाहुणे येणार म्हटल्यावर लोकांचे हात आखडत नाहीत. कुणी तांदूळ दिले, कुणी पेंढा दिला. एका आजीने कोंबडा दिला आणि “अध्यक्षालाच वाढा, दुसऱ्या कोनाला नको,” असं बजावलं. पाड्यावरच्या बाया पानं तोडून पत्रावळी लावतो म्हणाल्या. कॅम्प पाचमधल्या सिंधी दुकानदाराकडे चिटणीस गेले तेव्हा आमचे हेही सोबत होते. दुकानदाराने पांढऱ्या कापडाचा तागा आणि पापडांचा मोठा गठ्ठा पुढे केला. “रोख मत माँगो साईं, अभी तो हम खुद बसे नहीं. पर मेहमान भूखा नहीं जाना चाहिए.”

आमच्या दारात चिटणीस आले ते सगळ्यात शेवटी. सासऱ्यांनी पाणी दिलं, गूळ दिला. चिटणिसांनी मागच्या अंगणात डोकावून पाहिलं, आणि बांबूंच्या ढिगावर त्यांची नजर अशी थांबली की मला घरातूनही कळलं.

“बाबा, हे चैत्रात आम्हाला द्या. आमचं अधिवेशन चैत्रातच उरकतंय. वैशाख लागायच्या आत एक बांबू कमी न होता परत.”

“न्या की,” सासरे म्हणाले. एवढंच नाही, तर घराला लागून असलेलं कापणी झालेलं खाचरही त्यांनी देऊन टाकलं. नणंदेने त्या दिवशी भाकऱ्या इतक्या जोराने थापल्या की शेजारीण विचारायला आली, काय झालं.

आता माझं शहाणपण. संध्याकाळी विहिरीवर बायकांनी मला गाठलं. त्यांत आमची धवलारीणही होती. आमच्याकडे लग्नं धवलारीण लावते. देवांना बोलावण्यापासून नवरी पाठवण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचा धवला, म्हणजे गाणं, तिला तोंडपाठ असतं. ही आमची म्हातारी काडीसारखी होती, पण आवाज असा की शेताच्या बांधावरून नुसती हाक मारली तरी वासरं उठून उभी राहत.

“सूनबाई,” ती म्हणाली, “ह्ये अधिवेशन म्हंजे काय गो?”

मी उभ्या जन्मात अधिवेशन पाहिलं नव्हतं. पण चौथी पास होते. मी घागर खाली ठेवली आणि म्हटलं, “लग्नासारखंच असतं. मांडव घालतात, पाहुणे येतात, हारतुरे, जेवणावळी, मानपान. रुसवेफुगवेसुद्धा असतात. फक्त नवरा-नवरी नसतात.”

धवलारणीने थोडा विचार केला. “नवरा-नवरी मागून येत असतील,” ती म्हणाली, आणि बाकीच्या बायकांनी मान डोलावली.

चैत्रात खाचरात पहिली मेढ रोवायला माणसं आली. पाहतो तर गावातल्या झाडून साऱ्या बायका ताटं घेऊन हजर. कुणी उंबराची डहाळी आणली होती, कुणी आंब्याचे टाळे. धवलारणीने मेढीला हळद लावली, कुंकू लावलं, सूत गुंडाळलं आणि खड्या आवाजात मांडवाचा धवला धरला. मी ताट धरून शेजारी उभी. मलाही त्यात वावगं काही वाटलं नाही. मांडव घालायचा म्हटलं की हेच करायचं असतं. चिटणिसांना वाटलं, हे ग्रामस्थांचं उत्स्फूर्त स्वागत आहे. त्यांनी टोपी काढून मेढीला नमस्कार केला आणि डोळेसुद्धा पुसले.

मांडव सुरेख उभा राहिला. वर झावळ्या, आतून दुकानदाराचं पांढरं कापड. आणि मग एका दुपारी चिटणीस आले ते पडलेल्या चेहऱ्याने. अध्यक्ष म्हणून मुंबईहून मोठे नेते यायचे होते, त्यांना चैत्रात सवड नव्हती. अधिवेशन पुढे गेलं होतं. ज्या तारखेला गेलं ती ऐकून सासरे ओटीवर मटकन बसले. ती नणंदेच्या लग्नाची तारीख होती.

“तारीख बदलता येणार नाही?” ह्यांनी विचारलं.

“नेत्यांची नाही बदलता येत,” चिटणीस म्हणाले. “तुमची?”

“आमची देवाने दिलेली हाय,” सासरे म्हणाले.

 परत मागा म्हणावं तर सासऱ्यांच्या तोंडून ते निघणार नव्हतं. नवे बांबू आणायला भात उरलं नव्हतं. आत नणंद हळद दळत होती. जात्याचा आवाज थांबला.

“बिनमांडवाची मी उभी राहनार नाय,” ती आतूनच म्हणाली. “त्यांच्या आईने काय सांगितलंन ते सगल्यांनी ऐकलंय. जल्मभर मना तेच ऐकवतील.”

मी काहीतरी समजूत घालायला गेले. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी आल्या पावली धवलारणीला बोलवायला गेले. ते मात्र मी शहाणपणाचं केलं.

धवलारीण आली, ओटीवर टेकली, सगळं ऐकून घेतलं. मग चिटणिसांना विचारलं, “मेढीला हलद लावली ती तू बघितलीस?”

“बघितली.”

“धवला गायला तो ऐकलास? पाया पडलास?”

“पडलो.”

“मंग सांगतेय काय तू मना? हलद लागलेल्या मांडवातून नवरी गेल्याबिगर तो मोडाचा नसतो. मांडव हिचा झाला. तुझं अधिवेशन हिच्या मांडवात पाव्हनं हाय. सकालचं ये, जेव, बोल, आनि गोरजाच्या आत मोकला कर.”

चिटणिसांनी टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. तालुक्याच्या कारभारात त्यांना इतका सरळ ठराव आजवर कुणी मांडून दिला नसावा. “मंजूर,” ते म्हणाले. “दुपारीच समारोप करतो.”

लग्नाच्या दिवशी सकाळपासून तीन तालुक्यांतले प्रतिनिधी येऊ लागले. ठराव झाले, जेवणं झाली. पापड सगळ्यांना पुरले. कोंबड्यासाठी मात्र अध्यक्ष नव्हते. नेत्यांची मोटार वाटेत कुठेतरी बंद पडली होती. दुपार गेली, समारोप तसाच. नेते आले तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. उंच, पांढरेशुभ्र, आवाज भरदार. त्यांनी ध्वनिक्षेपकाचा दांडा धरला तो असा, की मी आत नणंदेचा हात धरला.

भाषण रंगलं. सिंचन झालं, शिक्षण झालं, खेड्यांचं भवितव्य सुरू झालं, आणि दुरून वाजंत्री ऐकू आली. बदलापूरचं वऱ्हाड.

मांडवाच्या तोंडाशी स्वयंसेवक उभे होते. वाजतगाजत येणाऱ्या तुकडीला हार घालायचा आणि पुढे नेऊन बसवायचं, एवढंच त्यांना सांगितलेलं. त्यांनी नवऱ्यामुलाला हार घातला, कोटाला पक्षाचा बिल्ला लावला आणि सगळ्या वऱ्हाडाला पुढच्या जाजमावर नेऊन बसवलं. नेत्यांनी भाषण थांबवून हात जोडले. “बदलापूरच्या तरुणांचा हा उत्साह पाहून,” ते म्हणाले, “माझा थकवा गेला आहे.” टाळ्यांचा कडकडाट. बाशिंग बांधलेला नवरामुलगा उठून सगळ्यांना नमस्कार करून पुन्हा बसला. काय करणार बिचारा.

मी कुडाच्या फटीतून विहीणबाईंकडे पाहत होते. त्या मान वळवून मागे बघत होत्या. मांडव शेवटच्या मेढीपर्यंत माणसांनी भरलेला. त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला कळेना.

थकवा गेल्यामुळे नेते नव्या दमाने बोलू लागले.

“वयनी,” नणंद म्हणाली. पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून ती तयार होती. “सूर्य बघ कुठं गेला.”

मी पदर खोचून मागच्या बाजूने चिटणिसांना गाठलं. “अहो, मुहूर्त चाललाय. त्यांना थांबवा.”

“नेत्यांना मध्येच थांबवायचं?” चिटणीस कुजबुजले. “वहिनी, पक्षात तशी पद्धत नाही हो.”

“आमच्यात मुहूर्त थांबवायची पद्धत नाही.”

माझं वाक्य चांगलं होतं, पण त्याचा उपयोग शून्य. तोवर धवलारीण उठली होती. ती व्यासपीठाकडे गेलीच नाही. हळद लावलेल्या मेढीला पाठ टेकून उभी राहिली, डोळे मिटले आणि नवरीला बोलवायचा धवला धरला. मेढ व्यासपीठाला लागूनच होती. म्हातारीचा आवाज ध्वनिक्षेपकात शिरला आणि मोरिवलीवरून थेट कॅम्पापर्यंत गेला असेल. ओळ संपली तशी आमच्या बायकांनी उचलली, मग पाड्यावरच्या बायांनी, आणि मग वऱ्हाडातल्या बायकांनीही. त्यांचा सूर जरा निराळा होता, पण शब्द तेच.

नेते थांबले. एक कडवं त्यांनी पुरतं ऐकलं. मग खाली वाकून चिटणिसांना काही विचारलं. चिटणीस सांगताना आणखीच घामेजले.

“मुहूर्त कधीचा आहे?” नेत्यांचा प्रश्न सगळ्या मांडवाला ऐकू गेला.

“आत्ताचा,” धवलारणीने डोळे न उघडता उत्तर दिलं.

“मग मी काय बोलत बसलोय,” नेते म्हणाले आणि व्यासपीठावरून खाली उतरले. “अक्षता कुठे आहेत?”

अक्षता होत्या, अंतरपाट नव्हता. तो आणायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी तर राजकारणात गुंतले होते. पापड पुरले का ते पाहायला सिंधी दुकानदार आला होता, त्याने मांडवाच्या कडेचं पांढरं कापड ओढून फाडलं. “साईं, मीटिंग में शादी है, ये पहले बोलते. लाल वाला थान देता.” एका टोकाला चिटणीस, दुसऱ्या टोकाला ह्यांचा मामा, आणि मध्ये ते कापड. तीन तालुक्यांच्या प्रतिनिधींनी अक्षता टाकल्या. टाळ्याही वाजवल्या, कारण दिवसभर त्यांना ती सवयच लागली होती. आजीचा कोंबडा अखेर नेत्यांच्या पानात पडला.

पंगतीत विहीणबाई सासऱ्यांना म्हणाल्या, “केवढी मानसं जोरली तुमी, व्याही. मना नवल वाटलं.”

सासऱ्यांना ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. “आले बापडे,” ते म्हणाले, आणि वाढायला वळले.

नणंदेने हे गुपित सासरी पुष्कळ वर्षं जपलं. तिला मुलं झाली, विहीणबाई थकल्या, मोरिवलीच्या शेतांत घरं उठू लागली. मध्ये मी तिच्याकडे बदलापूरला गेले होते. पक्षाची माणसं वर्गणीला आली होती, नणंद आतून तांदूळ काढत होती. विहीणबाई खाटेवरून त्यांना सांगत होत्या, “ह्या सुनेच्या लग्नाला तीन तालुक्यांची मानसं होती.”

नणंद माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, “आई, आज सांगूनच टाकते. ती मानसं माझ्या बाबांची नव्हती. ते अधिवेशन होतं.”

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मना तवाच समजलं,” ती म्हणाली. “पोराच्या छातीवर बिल्ला होता की. घरी जाऊन मीच काढला.” मग सुपारी गालात सरकवून म्हणाली, “पन मांडव भरलेला होता का नाय?”

“होता,” नणंद म्हणाली.

“मंग झालं. आनि तांदूल जरा जास्त घाल त्यांना.”